मधल्या बुलिसचा घेर

गिटिन्सबाईंच्या रस्त्याकडच्या वईची, म्हणजे जिवंत झाडांच्या कुंपणाची, लांबी एकशे चौदा मीटर भरली. तिच्यात हॉथॉर्नची खोडं दोनशे सहा, ब्लॅकथॉर्नची एकोणनव्वद, हेझेलची एकतीस, रानगुलाबाची जाळी चौदा आणि होली चार. लोखंडी पलंगाचा सांगाडा एक. कधीकाळी मेंढ्यांनी पाडलेलं खिंडार बुजवायला तो उभा केला होता, आणि आता त्याच्या गजांतून हेझेल इतकी फोफावली होती की कोण कोणाला धरून उभं आहे ते सांगता येत नव्हतं. पाखरांची रिकामी घरटी सहा. मेंढी एक, जिवंत, अडकलेली. मोजून झाल्यावर तिला सोडवलं. आणि बुलिसची झाडं तीन.

मोजणारी होती हेस्टर प्रॉबर्ट. वय चोवीस, वनस्पतिशास्त्रातली ताजी पदवी. जिल्ह्याच्या कचेरीने जुन्या रानझाडांची नोंद करायला तिला एका हंगामापुरतं नेमलं होतं. सोबत टेप, पेन्सिली तीन आणि अ‍ॅशच्या लाकडाची एक काठी, बरोबर एक मीटर तीस सेंटीमीटरची. झाडाचा घेर जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर घ्यायचा असतो, आणि हेस्टर तो तेवढ्याच उंचीवर घ्यायची. मुंगीएवढा फरक नाही.

बुलिस म्हणजे आलुबुखारचा रानात राहिलेला चुलतभाऊ. फळ गोटीएवढं, काळंनिळं, आणि असं आंबट की हिम पडण्याआधी तोंडात टाकलं तर कान आपोआप हलतात. झाडं खरीच बुलिसची आहेत की कोणीतरी बागेतल्या आलुबुखारच्या बिया फेकल्या होत्या, हे ठरवायला हेस्टरने चाळीस फळं फोडली, बिया घासून धुतल्या, एकेक मोजली. बी गुबगुबीत, गर तिला चिकटून बसलेला, कोवळ्या डहाळीवर लव. बुलिसच. तीनशे वर्षांपूर्वीच्या शेताच्या नकाशातही त्या कोपऱ्यावर तीन ठिपके होते.

एवढी मोजदाद करायचं कारण वईच्या पलीकडच्या वळणात होतं. ऑस्क्रॉफ्ट गावचं दूध नेणारा टँकर त्या वळणावर वर्षातून चारदा आरसा फोडून घ्यायचा. दूधवाले क्लेमंट मेडलिकॉट गावसभेचे अध्यक्षही होते, आणि त्यांनी वळण सरळ करायचा ठराव आणला होता. वळण सरळ, म्हणजे वई साफ. अडचण एकच होती. वईतलं एक जरी जुनं रानझाड ‘वाढतं’ म्हणून नोंदवहीत चढलं, तर अख्ख्या वईला कोणी हात लावू शकत नव्हतं. उलट, घेर पहिल्या नोंदीपेक्षा कमी भरला तर ते ‘उतरतं’ झाड. उतरत्या झाडाला कोणी वाली नाही.

तीनांपैकी पहिलं बुलिस गेल्या हिवाळ्यात मधोमध चिरलं होतं. तिसऱ्याची साल टँकरनेच सोलली होती आणि ते वाळून काष्ठ झालं होतं. उरलं मधलं. हिरवंगार, फळांनी लगडलेलं. हेस्टरने काठी लावली, टेप फिरवला आणि चौऱ्याण्णव सेंटीमीटर असा आकडा कचेरीला कळवला. संध्याकाळी उत्तर आलं: पहिली नोंद १९८७ सालची, सत्त्याण्णव सेंटीमीटर. झाड उतरतं. हरकत असल्यास शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

ही बातमी द्यायला हेस्टर सोमवारी गिटिन्सबाईंच्या स्वयंपाकघरात गेली, तेव्हा बाई चुलीपाशी बुलिसचा गर साखरेत आटवत होत्या. त्याच्या घट्ट वड्या पाडून त्या नाताळात चीजबरोबर वाढायच्या. नेस्टा गिटिन्स, वय अठ्ठ्याहत्तर. वई त्यांच्या नवऱ्याने तीनदा घातली होती: प्रत्येक खोड बुडाशी जवळजवळ कापायचं, आडवं पाडायचं, खुंट्यांत विणायचं. बुलिसांना मात्र त्याने कधी कोयता लावला नव्हता. तिसऱ्यांदा वई घातल्यावर आठ दिवसांनी तो वारला.

“तीन सेंटीमीटर कमी?” बाई म्हणाल्या. “अगं पोरी, सदतीस वर्षांत मी चार इंच वाढलेय कमरेत. झाड काय डाएटवर आहे?”

“मी चारदा मोजलं, मिसेस गिटिन्स.”

“मग पाचव्यांदा वाईट मोज.”

“तसं मला येत नाही.”

“हं. तेच दिसतंय.” बाईंनी डाव जोरात आपटला. “क्लेमंटच्या टँकरला जे पंधरा वर्षांत जमलं नाही, ते तू एका सकाळी केलंस. बस. चहा घे. राग आलाय म्हणून चहा द्यायचा नाही असं काही नाही.”

हेस्टरने चहा घेतला. झाड काही टँकरने मारलं नव्हतं, ते तिच्या काठीने मारलं होतं.

मंगळवारी तिने कचेरीतून जुन्या वह्या मागवल्या. मधल्या झाडाच्या तीन नोंदी निघाल्या. १९८७, मिस डॉर्कस हायवे: सत्त्याण्णव. २००६, मिस्टर रूपर्ट लव्हकिन: शहाऐंशी. आणि आताची तिची: चौऱ्याण्णव. हेस्टरने तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. झाड अकरा सेंटीमीटर आटलं आणि मग आठ सेंटीमीटर फुगलं? बेडूक असता तर गोष्ट वेगळी. मग तिचं लक्ष शेजारच्या रकान्यात गेलं. ‘कोणत्या उंचीवर?’ मिस हायवेंनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: छातीइतक्या. लव्हकिननीही तेच लिहिलं होतं: छातीइतक्या.

लव्हकिनना गावाने पाहिलं होतं ते चर्चच्या दारात वाकूनच. सहा फूट पाच इंच. आणि मिस हायवे, दुकानातली वरच्या फळीवरची बरणी कधीही स्वतः न काढलेल्या. ज्याने त्याने आपापल्या छातीशी टेप धरला होता. वर खोड बारीक, खाली जाड.

हेस्टरने कचेरीत फोन लावला.

“पहिलं माप ज्या पद्धतीने घेतलं त्याच पद्धतीने पुन्हा घेतलं, तर ते ग्राह्य धरू,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले.

“पण पद्धत म्हणजे त्यांची छाती होती.”

कागद चाळल्याचा आवाज आला. “मग त्यांनाच मोजायला सांगा.”

“त्या वारल्या. दोन हजार अकरा साली.”

“अरेरे. ऐकून वाईट वाटलं.” पुन्हा कागद. “पण पद्धत वारलेली नाही. त्याच उंचीवर घ्या, दोन साक्षीदारांसमोर. शुक्रवारी बारापर्यंत.”

बुधवारी चहाच्या वेळी गावच्या सभागृहात माणसं जमली. विषय पत्रिकेत ‘दिवंगत मिस हायवे यांच्या उंचीचा एक भाग’ असा लिहिला होता. तो शब्दप्रयोग पाद्री किनास्टन यांचा.

मिस हायवे किती उंच होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. पबवाला ग्विलिम म्हणाला, “त्यांची हनुवटी बरोबर माझ्या काउंटरला टेकायची. शेरी हवीय की नुसतं बघतायत, ते कळायचं नाही.” चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांनी, मिस हायवे दोरी ओढताना जिच्यावर उभ्या राहायच्या ती पेटी आणून दाखवली. कुणाला त्यांच्या टोपीचं पीस दाराच्या कडीला लागायचं ते आठवत होतं. हेस्टरने सगळं मोजलं, टाचा आणि टोप्या वजा केल्या. आकडे एकमेकांना धरून होते: एक मीटर सेहेचाळीस, डोक्यापर्यंत.

“छान,” हेस्टर म्हणाली. “आणि छातीपर्यंत?”

चहात साखर न घेणारेसुद्धा चमचा ढवळू लागले.

“कुणाला साधारण अंदाज?”

“मी त्यांच्या डोळ्यांकडेच बघायचो,” ग्विलिम घाईने म्हणाला. त्याच्या बायकोने, ब्रॉनवेनने, चहाच्या मोठ्या भांड्यापलीकडून त्याच्याकडे एक नजर टाकली.

शेवटी हेस्टरने फळ्यावर बाईची आकृती काढली. एकूण उंचीच्या इतके टक्के, म्हणून इथे, असं म्हणत तिने फुली मारली. पाद्री खाकरले. “मिस प्रॉबर्ट, त्यांना... एखादा कोट घालता येईल का?” हेस्टरने कोट काढला. “बटणंसुद्धा,” पाद्री म्हणाले. तिने बटणं काढली. आता फुली कुठे होती तेच दिसेना.

मेडलिकॉट उठले. लालबुंद, गुडघ्यापर्यंत गमबूट, आवाज मात्र मऊ. “पोरी, तुझी मेहनत मला दिसतेय. पण ही कुठलीतरी सरासरी बाई आहे. डॉर्कस हायवे सरासरी नव्हती.”

हे इतकं खरं होतं, आणि गेलेल्या माणसाबद्दल इतकं चांगलं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत वई वाचावी असं वाटणारेही होते. गिटिन्सबाईंनीसुद्धा दोन वाजवल्या आणि मग हात मांडीवर दाबून धरले.

“थिर्झाला विचारा की,” ब्रॉनवेन म्हणाली. “त्यांचे सगळे कोट तिनेच शिवले.”

गिटिन्सबाईंचा चेहरा उतरला. थिर्झा बेबने पन्नास वर्षं गावाचे कपडे शिवले होते, आणि गेली सव्वीस वर्षं ती नेस्टा गिटिन्सशी बोलत नव्हती. १९९८ साली गिटिन्सबाईंच्या लेकीचं लग्न झालं, आणि नवरीच्या आईने लडलो शहरातल्या दुकानातून तयार सूट आणला. तयार. दुकानातून. थिर्झा तेव्हा तिच्यासाठी कापड निवडून बसली होती.

गुरुवारी हेस्टर तिच्या दारात उभी राहिली तेव्हा मागे गिटिन्सबाई होत्या, हातात वड्यांचा डबा.

“ये,” थिर्झा हेस्टरला म्हणाली. शहाऐंशी वर्षांची, ताठ, गळ्यात टेप. “आणि तुझ्याबरोबर आलेल्या बाईंना सांग, पायपुसणं शोभेसाठी नाही.”

“घरमालकिणीला सांग,” गिटिन्सबाई हेस्टरला म्हणाल्या, “माझे बूट स्वच्छ आहेत.”

“त्यांना सांग, मी बुटांबद्दल बोलले नाही.”

“मी आधी माझं काम सांगू का?” हेस्टर म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. वई, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, शुक्रवार.

थिर्झाने शांतपणे ऐकलं. मग भिंतीतल्या कुलूपबंद कपाटाकडे हात केला. आत वह्यांच्या पाठी दिसत होत्या, एकेकीवर एकेक अक्षर. “‘ह’ची वही ती. कमर, बाही, पाठ, खांद्यापासून छाती, छातीपासून जमीन. सगळं आहे. आणि ते तिथेच राहील.”

“पण त्या तर आता नाहीत, मिसेस बेब.”

“गिऱ्हाईक गेलं म्हणून माप मोकळं होत नाही. पाद्रीसाहेबांच्या पोटाचं माप विचारलंस तर देईन का? ते तर जिवंत आहेत.”

“मला फक्त एक आकडा हवाय.”

“आकडा म्हणजेच तर सगळं, पोरी. तुला हे मी सांगायला हवं?”

हेस्टरचं आयुष्यभर तेच मत होतं.

गिटिन्सबाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ समोर बघून बोलल्या. “थिर्झा. तो निळा सूट खांद्यात घट्ट होता. अख्खं लग्न मी हात खाली धरून काढलं. पोरगी निघाली तेव्हा तिला हातसुद्धा हलवून दाखवता आला नाही.”

“डावा खांदा,” थिर्झा म्हणाली.

“डावा.”

“फोटोत दिसलं होतं मला. बाहीच चुकीची बसवलेली. तयार माल.” तिने डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, मिटलं. “साखर कमी घातलीयस.”

“फळ यंदा गोड आहे.”

“बुलिस आणि गोड! म्हातारी झालीस, नेस्टा. जीभ गेली.” थिर्झा उठली. कपाटाचं कुलूप काढलं, वही त्यांच्याकडे पाठ करून चाळली, मिटली, पुन्हा कुलूप लावलं. खणातून शिंप्याचा खडू काढून खिशात टाकला. “आकडा मिळणार नाही. उद्या मी येईन, झाडावर खूण करीन आणि घरी जाईन. खुणेपासून जमिनीपर्यंत कुणी टेप लावला, तर मी ती पुसून टाकीन.”

“म्हणजे उंचीच्या रकान्यात मी काय लिहू?” हेस्टरने विचारलं.

“मिस हायवेंनी काय लिहिलं होतं?”

“छातीइतक्या.”

“मग त्यात चूक कुठे होती?”

शुक्रवारी अकरा वाजता वईपाशी पाच माणसं उभी होती. साक्षीदार म्हणून क्लेमंट मेडलिकॉट आणि पाद्री किनास्टन. थिर्झाने खिशातून टेप काढला आणि म्हणाली, “पुरुषांनी तोंडं फिरवा.”

“मी साक्षीदार आहे,” मेडलिकॉट म्हणाले. “न बघता साक्ष कशी देऊ?”

“खूण झाल्याची साक्ष द्या. खूण होत असतानाची नको.”

पाद्री आधीच शेताकडे तोंड करून उभे होते. मेडलिकॉटनीही वळून हात पाठीमागे बांधले. “थिर्झा,” ते शेताकडे बघत म्हणाले, “चपला धरल्यास का? ती काही अनवाणी मोजत नव्हती.”

“गमबूट. टाच एक इंच. धरलीय.”

“आणि जमीन? सदतीस वर्षांचा पाचोळा साठलाय बांधावर. ती वरच्या थरावर उभी नव्हती.”

थिर्झाचा खडू थांबला. हेस्टर जे खरं होतं ते बोलली. “मिस्टर मेडलिकॉट बरोबर बोलतायत.” गिटिन्सबाईंनी डोळे मिटले. हेस्टर गुडघ्यांवर बसली आणि तिने हातांनी पाचोळा उकरला. काळी माती, गांडुळं, बियांची टरफलं, मग टणक जुना बांध. नऊ सेंटीमीटर खाली. तिने तो आकडा लिहून घेतला, कारण खोदलेल्या खड्ड्याच्या खोलीला थिर्झाची हरकत नव्हती.

“आता टेप तिथून,” हेस्टर म्हणाली.

थिर्झाने टेपाचं टोक खड्ड्यात सोडलं. शेताकडे बघणाऱ्या मेडलिकॉटच्या मानेत काहीतरी हललं. जमीन खाली गेली की खूणही खाली जाते, आणि खाली खोड जाड असतं. हे त्यांच्या आता ध्यानात आलं. “नाही म्हणजे,” ते म्हणाले, “पाचोळा काय, थोडाफार तेव्हाही असेलच...”

“क्लेमंट,” पाद्री शेताकडेच बघत हळूच म्हणाले, “मुद्दा तुमचाच होता. आणि तो मान्य झालाय.”

“तूसुद्धा वळ,” थिर्झा हेस्टरला म्हणाली. हेस्टर वळली. समोर वईतून सोडवलेली तीच मेंढी, रवंथ करत. हेस्टरच्या आयुष्यात आजवर असा एकही आकडा नव्हता जो दोन हातांवर असताना तिने पाहिला नाही. तिने मेंढीचे पाय मोजले.

“झालं.”

खोडावर पांढरी रेघ होती, शिवणीसारखी सरळ, आणि ती दोन्ही बाजूंनी हात पोचेल तितकी मागे नेलेली होती. थिर्झा टेप गुंडाळून रस्त्याला लागली. “नेस्टा,” ती न वळता म्हणाली, “मंगळवारी ये. खांद्याचं माप घ्यायचंय.”

हेस्टरने आपला टेप रेघेवर धरला, पण इतक्या खाली पलीकडे ब्लॅकथॉर्न दाट होतं आणि तिचा हात पोचेना. गिटिन्सबाईंचा तर नाहीच. पाद्रींनी बाही वर केली, काटे पाहिले आणि बाही पुन्हा खाली केली. शेवटी मेडलिकॉटनी सुस्कारा टाकला, कोट काढून पलंगाच्या गजावर अडकवला आणि खांद्यापर्यंत हात वईत घातला.

“रेघेवरच धरा हं,” हेस्टर म्हणाली. “खाली नको, वर नको.”

“मला टेप धरता येतो,” ते म्हणाले. मनगटावर रक्ताचे तीन थेंब आले होते. “रेघेवर आहे. अगदी रेघेवर. ओढ.”

“घट्ट नको धरूस गं,” गिटिन्सबाई म्हणाल्या.

“सैलही नको,” मेडलिकॉट म्हणाले.

चर्चच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. हेस्टरने टेपाची दोन टोकं जुळवली, वाचली, सोडली. पुन्हा टेप फिरवायला सांगितला, पुन्हा टोकं जुळवली. दोन्ही साक्षीदारांनी वाकून आकडा पाहिला आणि तिने तो उंचीच्या रकान्यातल्या ‘मिस हायवे यांच्या छातीइतक्या’ या शब्दांशेजारी लिहिला.

पहिल्यांदा: एकशे एक पूर्णांक पाच सेंटीमीटर. दुसऱ्यांदा: एकशे एक पूर्णांक पाच सेंटीमीटर.